अर्ज, शिफारस आणि प्रबंध : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची डॉक्टरेट



दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आपल्या शाळांत भाषणांची तयारी सुरू होते. मुलं घरून लिहून आणलेलं पाठ करतात, आपण उच्चार सुधारून देतो. मागच्या वर्षी माझ्या चौथीतल्या एका मुलाचं भाषण पाठ झालं आणि जागेवर बसता बसता त्याने मला विचारलं, की बाबासाहेबांचा दवाखाना कुठे होता. वर्ग हसला. मीही हसलो. पण नंतर वाटलं, त्याचं काय चुकलं? त्याच्या माहितीतले डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे. नावाआधी ‘डॉ.’ लावण्याचा दुसराही एक रस्ता असतो, हे त्याला आपणच कधी सांगितलेलं नाही.

म्हणून हा पाठ. बाबासाहेबांचं संपूर्ण चरित्र इथे नाही. राज्यघटना, महाडचं चवदार तळं, धम्मदीक्षा यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे फक्त एकच धागा घेतला आहे : अर्थशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी कशी मिळवली. त्यासाठी कुठे अर्ज केला, पैसा कुठून आणला, शिफारस कोणी केली, प्रबंध परत आला तेव्हा काय केलं. मुलांना ‘खूप हुशार होते म्हणून झाले’ असं सांगितलं की गोष्ट तिथेच संपते. कसं झालं ते सांगितलं की मुलांना त्यात स्वतःसाठी वाट दिसते.

तरटापासून पदवीपर्यंत

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवतही होते. घराणं मूळचं कोकणातल्या आंबडवे गावचं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. आज आपण महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ साजरा करतो तो याच तारखेला.

त्या वर्गात या मुलाला बसायला तरटाचा तुकडा होता. तो घरून आणायचा आणि संध्याकाळी परत घेऊन जायचा, कारण शाळा झाडणारा माणूस त्या तरटाला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. आपल्या वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा खाली येतो.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. केळुसकर गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत या मुलाचं नाव पोहोचवलं आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव १९१२ च्या परीक्षेत बी.ए. झाले.

शिक्षक मित्रांनो, इथे क्षणभर थांबूया. या गोष्टीतली पहिली शिफारस एका शाळामास्तरने केलेली आहे.

पहिला अर्ज : बडोदा ते न्यूयॉर्क

बी.ए. नंतर भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची बातमी आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घरात पत्नी रमाबाई, लहानगा यशवंत, मागे मोठं कुटुंब. अशा वेळी बहुतेक माणसं मिळालेली नोकरी धरून बसतात आणि त्यात चूकही काही नाही.

पण त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणार होते. भीमरावांनी त्यासाठी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ४ जून १९१३ रोजी करार झाला. त्यातली अट अशी, की ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. ही अट लक्षात ठेवा, पुढे ती आडवी येणार आहे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. राहायला लिव्हिंग्स्टन हॉल हे वसतिगृह. तिथे नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी भेटला आणि जन्मभराचा मित्र झाला. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की पाणी पिण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

मग या माणसाने काय केलं? वर्ग घेतले. एकट्या अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम! शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, आणि थोडं फ्रेंच, थोडं जर्मन. एम.ए.ला तर इतके विषय लागत नव्हते. पण जे मिळतंय ते सगळं घेऊन जायचं, हा हिशेब. उरलेल्या पैशांत जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

१९१६ च्या मे महिन्यात त्यांनी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच.डी.साठी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ऐतिहासिक अभ्यास करणारा प्रबंध सादर केला. मार्गदर्शक होते प्राध्यापक एडविन सेलिग्मन, सार्वजनिक वित्त म्हणजे सरकारच्या जमाखर्चाच्या शास्त्रातलं त्या काळातलं मोठं नाव.

पीएच.डी. म्हणजे नेमकं काय?

मुलांना (आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही) हे समजून घ्यायला हवं. दहावी, बारावी, बी.ए. पर्यंत आपण दुसऱ्याने शोधलेलं शिकतो आणि परीक्षेत लिहितो. डॉक्टरेटमध्ये आजवर कोणी नीट न सोडवलेला एक प्रश्न स्वतः निवडायचा, त्याचे पुरावे गोळा करायचे, उत्तर मांडायचं आणि जाणकारांसमोर ते टिकवून दाखवायचं. त्या लिखाणाला प्रबंध म्हणतात.

त्यासाठी प्रवेश मागताना तेव्हाही तीन गोष्टी लागत आणि आजही लागतात. आधीचं शिक्षण पक्कं आहे याचा पुरावा. ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय अशा प्राध्यापकांची शिफारस. आणि तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचाय याचं स्पष्ट उत्तर. चौथी गोष्ट कागदावर नसते, ती म्हणजे खर्च कोण करणार.

भीमरावांचा प्रश्न पक्का होता : भारताचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा निर्णय कोण घेतं.

कोलंबियाचा त्या काळी एक नियम होता. प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. छापायला पैसे हवेत, आणि शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याकडे ते कुठून येणार? म्हणजे अभ्यास झाला, प्रबंध झाला, पण नावापुढे पदवी लागली नाही. अकरा वर्षं!

दुसरा अर्ज आणि अर्धवट सुटलेलं लंडन

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनला आले. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्राच्या पुढच्या पदवीसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. या संस्थेतले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना सेलिग्मन यांनी पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली होती.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. करारातली नोकरीची अट समोर उभी राहिली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं, जे आपण मुलांना ठळकपणे सांगायला हवं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची लेखी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. दार बंद होताना त्यांनी पाय आत ठेवला.

पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि तीत त्यांची पुस्तकंही गेली. एकेक डॉलर वाचवून घेतलेली पुस्तकं.

बडोद्याला ते महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. अमेरिकेत शिकून आलेला हा अधिकारी, पण शहरात त्याला राहायला खोली मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. शेवटी एका पारशी खानावळीत नाव बदलून राहिले. जात कळताच काठ्या घेऊन जमाव आला आणि त्याच दिवशी तिथून निघावं लागलं. एका बागेत बसून त्यांनी ते तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कोलंबियाचं सगळं शिक्षण तिथे एका खोलीच्या उपयोगाचं ठरलं नाही.

शिक्षणावरचा विश्वास उडायला हे एवढं पुरेसं होतं. पण ते वेगळ्या निष्कर्षाला आले असावेत, कारण यानंतर त्यांनी जे केलं ते पाहा.

तिसऱ्यांदा, स्वतःच्या जोरावर

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला हा काय शिकवणार असं वाटणारे विद्यार्थी होते. हळूहळू दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. पगारातून घर चालवायचं आणि लंडनसाठी पैसे बाजूला टाकायचे, असं दीड वर्ष चाललं. परवानगीची चार वर्षं डोक्यावर टिकटिकत होती. याच काळात, जानेवारी १९२० मध्ये, त्यांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केलं.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. हातात स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनाने दिलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज. जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. वय एकोणतीस, संसारी माणूस.

इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर रेटत होत्या. या दांपत्याच्या पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. डॉक्टरेटचं मोल सांगताना आपण फी आणि प्रवासखर्च मोजतो. रमाबाईंनी भरलेली किंमत कुठल्याच पावतीवर नाही. वर्गात हा भाग मी कधीच गाळत नाही.

लंडनमध्ये त्यांचा दिवस ठरलेला होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचं दार उघडलं की आत, संध्याकाळी बंद होताना बाहेर. मधल्या वेळी जेवण नाही, कारण परवडत नव्हतं. रात्री खोलीवर पुन्हा अभ्यास. भूक लागली की ओळखीच्या एकाने दिलेल्या पापडांपैकी चार भाजून खायचे. संस्थेची फी पहिल्या वेळी दहा गिनी होती, आता अकरा झाली होती.

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. १९२२ च्या जूनमध्ये ते बॅरिस्टर झाले. आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी. या पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला.

रुपयाचा प्रश्न, सोप्या भाषेत

त्या काळी आपला रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्यावर आधारलेला. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. पूर्वी एका रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत, ते घसरत सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. १८९३ मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर बांधला गेला आणि तो सांभाळण्याची सूत्रं सरकारच्या हातात राहिली.

जॉन मेनार्ड केन्स या प्रसिद्ध अर्थतज्ज्ञाला ही पद्धत चांगली वाटत होती. आंबेडकरांनी तिच्याविरुद्ध मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रुपये किती काढायचे यावर सरकारला बंधन नसेल, तर रुपये वाढतात, महागाई वाढते आणि ती सगळ्यात जास्त गरिबाला चावते. म्हणून नाणी काढण्यावर पक्की मर्यादा हवी. भाजीच्या पिशवीत वीस रुपयांचं काय येतं हा घरातला प्रश्न आणि हा प्रबंधातला प्रश्न, मुळात एकच आहेत.

प्रबंध परत आला

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध आहे तसा स्वीकारला नाही. त्यात बदल करायला सांगितलं. पैसे संपत आले होते. एप्रिलमध्ये त्यांना भारतात परतावं लागलं.

मुंबईत बसून त्यांनी पुन्हा लिहिलं. चरित्रकार सांगतात, की मांडणी बदलली पण निष्कर्ष सोडले नाहीत. ऑगस्ट १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा लंडनला गेला आणि नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. लगेच तो पुस्तकरूपाने आला. पुस्तक त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची. गंमत म्हणजे आपल्याला यातल्या बऱ्याच गोष्टी पटत नाहीत हे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे. गुरूला न पटणारं मत पुराव्यानिशी मांडणारा शिष्य, आणि तरीही त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना देणारा गुरू. आपल्या वर्गात असं कधी घडतं का, हे आपणच स्वतःला विचारावं.

कोलंबियाचं घोडं अजून अडलेलंच होतं. तो जुना प्रबंध वाढवून, ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास म्हणून १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या शाही आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. छापील प्रती कोलंबियाला पोहोचल्या आणि १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर बहाल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. शिपायाने नळ सोडेपर्यंत तहानलेला राहणारा मुलगा त्या वर्षी हजारो लोकांना घेऊन पाण्यापर्यंत गेला आणि त्याच वर्षी कोलंबियाचा डॉक्टर झाला.

शिक्षक आणि पालकांसाठी दोन शब्द

मी डी.एड. झाल्यावर बाहेरून बी.ए.ला बसलो होतो. दुसऱ्या वर्षी माझा एक प्रकल्प दुरुस्तीसाठी परत आला. मी चिडलो, फाईल कपाटावर टाकली आणि पुन्हा कधी दिलीच नाही. हा पाठ तयार करताना मार्च १९२३ ते ऑगस्ट १९२३ या पाच महिन्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. माझी फाईल अजून तिथेच आहे.

आपल्या गावात मुलं हुशार नाहीत म्हणून मागे पडतात असं मला वाटत नाही. अर्जाची तारीख कळत नाही, जातीचा दाखला वेळेत निघत नाही, शिफारस मागायला लाज वाटते, आणि एकदा नकार आला की घरचे म्हणतात पुरे झालं. बाबासाहेबांच्या गोष्टीत यातली प्रत्येक अडचण आहे. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हात पुढे केला : गुरुजींनी, महाराजांनी, प्राध्यापकाने, मित्राने, बायकोने. आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतः जाऊन मागितलंही.

पालकहो, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी आज महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती आहे. तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. ज्यांनी १९२० मध्ये एका विद्यार्थ्याला लंडनला जायला मदत केली, त्यांच्याच नावाने आज इतर विद्यार्थी जातात. आपलं मूल आज चौथीत असलं तरी असं काही असतं हे त्याच्या कानावर पडू द्या.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. फळ्यावर १९०० ते १९२७ अशी काळरेषा काढा. सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन, बडोदा ही ठिकाणं मुलांना नकाशावर शोधायला सांगा.

२. प्रत्येक मुलाला शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला लावा. काही अर्ज दुरुस्तीसाठी परत द्या आणि पुन्हा लिहून घ्या. परत आलेला अर्ज म्हणजे अपमान नाही, हे सांगायची गरज पडणार नाही, ते कळेल.

३. घरी आजी-आजोबांना विचारून या : पूर्वी दहा रुपयांत काय काय येत होतं? यादी करा. मग रुपयाच्या प्रश्नावर बोला.

४. भाषणात पदव्यांची नुसती यादी म्हणण्याऐवजी एकच पदवी निवडून ती कशी मिळाली ते सांगायला लावा.

त्या दवाखाना विचारणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, की मग तो अर्ज कुठे मिळतो. मी त्याला म्हणालो, आधी पाचवीत जा, अर्ज आपण दोघं मिळून शोधू.

पाठ वर्गात घेतलात तर अनुभव जरूर कळवा.